सूचनाबाईंचा डावा कान

त्या प्राथमिक शाळेत कार्यालयातल्या कारकून बाईंना सगळे सूचनाबाई म्हणत. दर पंधरवड्याला पालकांसाठी शाळेचं दोन पानी पत्रक निघायचं. ते त्याच लिहायच्या, त्याच टाइप करायच्या आणि छापून वर्गावर्गात वाटायलाही त्याच जायच्या. पहिल्या पानावर शाळेची खबरबात असे. दुसरीच्या मुलांनी कुंडीत पेरलेले वाटाणे उगवले, चौथीच्या बाईंना मुलगी झाली, मैदानावर एकाच पायाचे दोन बूट सापडले आहेत, ज्याचे असतील त्याने दुसऱ्या पायाचे आणून दाखवावेत. मागचं पान आरोग्याचं. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तर लाजू नका, पण वर्गशिक्षिकेला कळवा. कांजिण्यांच्या खपल्या पडेपर्यंत मुलाला घरीच ठेवा. ताप उतरला म्हणून लगेच शाळेत पाठवू नका, आणखी एक दिवस जवळ झोपू द्या.

असं लिहिणारी बाई प्रेमळ असणार, असं कुणालाही वाटेल. पण शिक्षिकांच्या खोलीत त्यांचं दुसरं नाव होतं. घुमी. हाक मारली तर वळून बघायच्या नाहीत. कुणी विनोद केला तर सगळ्यांचं हसून झाल्यावर त्या हसायच्या, नाहीतर हसायच्याच नाहीत. सुरुवातीला चहाला त्यांना बोलवायचे. पुढे शिपाईमामा त्यांचा कप कार्यालयात आणून टेबलावर ठेवायला लागले आणि मग तीच रीत पडली. आपल्याला का बोलवत नाहीत, हे बाईंनी कधी विचारलं नाही. आपला स्वभावच माणसांना आवडत नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

घरीही त्या एकट्याच. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लग्न झालं नव्हतं. आई होती तोवर घरात बोलणं होतं. आई मोठ्या आवाजाची, तोंडासमोर तोंड आणून बोलणारी. ती गेली आणि घर बंद पेटीसारखं झालं. धाकटी बहीण दुसऱ्या गावात होती, पण आईचं सगळं आटोपल्यावर तिचे फोन कमी होत गेले, मग थांबलेच. बाईंनी एकदोनदा केला तर ती "कामात आहे" म्हणाली. त्यांना कारण कळेना, आणि विचारायचा धीर होईना. संध्याकाळी त्या टीव्ही लावून जेवत. आवाज इतका असायचा की खालचा शिंपी लांब काठीने छताला ठोकायचा. एकदा जिन्यात भेटल्यावर तो म्हणाला, "बाई, रोज ठोकतोय मी, तुम्ही ऐकून सोडून देता." बाईंना वाटलं, हा उगाच कुरापत काढतोय.

त्या वर्षी शाळेत कान तपासणीचं शिबिर ठरलं. पत्रकात बाईंनी लिहिलं, "मूल हाकेला ओ देत नसेल तर ते हट्टी किंवा आगाऊ आहे असं लगेच समजू नका. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. रागावण्याआधी कान तपासून घ्या." मजकूर आरोग्य केंद्रातून आला होता, शब्द बाईंनी सोपे केले होते.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीची आई ते पत्रक घेऊन तणतणत कार्यालयात आली. मुलगी पहिलीत होती, भिवया उंचावून सगळीकडे बघणारी.

"माझ्या मुलीचं नाव तपासणीच्या यादीत सगळ्यात वर का आहे? ती बहिरी नाही. मुद्दाम करते. खाऊ म्हटलं की तीन खोल्यांपलीकडून येते, अभ्यास म्हटलं की हिला काही ऐकू येत नाही."

"तपासून घेऊ," बाई म्हणाल्या. "काही नसलं तर चांगलंच आहे ना."

शिबिराच्या दिवशी ग्रंथालयाची खोली रिकामी केली होती. कान तपासायला आलेली तरुणी मशीन मांडून बसली. शिक्षिका वर्गावर होत्या, म्हणून मुलांना आणायचं-न्यायचं काम बाईंकडे आलं. पहिली पाळी त्या मुलीची. तिने हेडफोन बघितला आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

"टोचतं ते," ती म्हणाली.

"नाही टोचत. हे बघ, आधी मी घालते." बाईंनी हेडफोन कानांवर चढवला आणि छोट्या खुर्चीत गुडघे दुमडून बसल्या.

तरुणीने मुलीला सांगितलं, "आता आवाज आला की बाई हात वर करतील. बघत राहा हं."

मुलगी बघत राहिली. बाईही वाट बघत राहिल्या. उजवा हात एकदा वर गेला, तोही उशिरा. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तरुणीने मशीनची वायर काढून पुन्हा खोचली, बटण फिरवलं. बाई हसून मुलीला म्हणाल्या, "अजून सुरू व्हायचंय वाटतं."

तरुणीने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघितला. मग तो मुलीच्या डोक्यावर ठेवला. मुलगी टोचण्याचं विसरून गेली होती. लगेच तिचा हात वर गेला. पुन्हा गेला. आवाज इतके बारीक केले की तरुणी स्वतः डोळे बारीक करून ऐकत होती, तरी मुलीचा हात वर. शेवटी मुलगी म्हणाली, "बाईंना ऐकू येत नाही, मला सगळं येतं."

"तुझी आई बरोबर होती," तरुणी तिला म्हणाली. मुलगी धावत वर्गात गेली. मग तरुणी उठून बाईंच्या समोर, अगदी समोर, येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "ताई, तुम्ही कधी कान दाखवलेत का?"

कानाच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नस कमजोर होत गेली आहे. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. "असं हळूहळू जातं तेव्हा माणसाला कळत नाही. वाटतं, लोकच पुटपुटायला लागलेत." बाईंनी मान हलवली. त्यांना तसंच वाटत होतं.

श्रवणयंत्र लावून त्या घरी आल्या तेव्हा पहिल्यांदा फ्रिजची घरघर ऐकू आली. खालच्या शिलाई मशीनचा आवाज आला. आपल्याच चपलांचा आला. त्या खुर्चीत बसून राहिल्या. इतकी वर्षं घर गप्प आहे असं वाटत होतं. घरात आवाज होते, माणसाचा मात्र एकही नव्हता.

शाळेत सगळे चांगले वागले. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन विचारपूस केली, चहाला बसायचा आग्रह केला. पण शिक्षिका आता त्यांच्याशी एकेक शब्द तोडून, बालवाडीत बोलावं तसं बोलायच्या, आणि आपसात मात्र भराभर बोलायच्या. त्यांच्या बोलण्यातली माणसं, चेष्टा, जुने संदर्भ बाईंना लागत नव्हते. आठवडाभर त्या बसल्या. मग कप घेऊन पुन्हा आपल्या टेबलापाशी गेल्या. शिपाईमामा म्हणाले, "तिकडं गोंगाटच फार असतो." ते जरा तिथंच उभे राहिले.

सुट्टी लागल्यावर बाई न कळवता बहिणीकडे गेल्या. बहिणीने दार उघडलं, आत ये म्हणाली, पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं. ती ओट्यापाशी पाठ करून काम करत राहिली.

"माझे कान गेलेत," बाई म्हणाल्या. "डावा तर कधीच गेलाय. मला आत्ता कळलं."

बहिणीचा हात थांबला.

"दवाखान्यात," ती म्हणाली, "आईला आत नेलं तेव्हा. आपण बाहेर बाकावर होतो. मी तुला म्हटलं, ताई, मला भीती वाटतेय, मला जवळ घे. तू उठलीस आणि औषधं आणायला गेलीस."

"तू कुठं बसली होतीस?"

बहिणीने आठवून बघितलं. मग जवळ येऊन आपला हात बाईंच्या डाव्या खांद्याकडे नेला, पण टेकवला नाही.

"मला वाटलं, तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस," ती म्हणाली. "तेव्हापासून मी ते मनात धरून बसले."

"मी ऐकलं असतं तर घेतलं असतं गं."

"आता म्हणून काय उपयोग." हे रागाने नव्हतं. ती खाली बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. बाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. बहीण अंग चोरून बसली होती, मग हळूहळू सैल झाली. मिठी वगैरे काही झालं नाही. इतक्या वर्षांनी ती कशी मारायची, हे दोघींनाही उमगत नव्हतं.

आता रविवारी दुपारी बहिणीचा फोन येतो. बोलायला फारसं नसतं. तब्येत, हवा, कोण भेटलं. मग बहीण फोन कट्ट्यावर ठेवून भांडी विसळत राहते आणि बाई इकडे ऐकत बसतात.

"ठेवू का आता?" काही वेळाने ती विचारते.

"राहू दे थोडा वेळ," बाई म्हणतात.