उंबरठ्यावरच्या विमलकाकू

विमलकाकू आमच्या वर्गात कधी आत बसल्या नाहीत आणि बाहेरही बसल्या नाहीत. त्या उंबरठ्यावर बसत. एक पाय आत, एक बाहेर, आणि पाठ दाराला अशी टेकलेली, की दार लावायचं तर आधी काकूंना उचलावं लागलं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, नुसता श्वास घ्याचा आहे, त दार कायले लावता?"

मी घाटंजीच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते. मैदानावर धावूनही काही मुलींची धास्ती जात नाही, हे दिसत होतं. म्हणून शनिवारी दुपारी खेळाच्या खोलीत मी त्यांना गोल करून बसवायला लागले. तळपाय जमिनीला दाबायचे, हुंकार देत लांब श्वास सोडायचा, मग उभं राहून हात, खांदे, गुडघे सैल सोडायचे आणि अंग हलवायचं. शेवटी जिला वाटेल तिने सांगायचं, आज भीती अंगात कुठे बसली आहे: घशात, पोटात की मानेत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, एवढा एकच नियम. काकूंना नेमका तोच खुपला.

त्याला कारण होतं. त्यांची नात प्राची नागपूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला होती. तिथे तिची छाती धडधडू लागली, झोप उडाली आणि एके दिवशी ती वर्गातच कोसळली. काकूंनी तिला घरी आणलं, गावभर सांगितलं, टायफाइड झाला, आणि अंगात ताकद यावी म्हणून तिला शनिवारी आमच्याकडे आणू लागल्या. कपाशीची वेचणी आटोपली की तिला परत पाठवायचं, हेही त्यांनीच ठरवलं होतं. त्या घरात काकूंपुढे कोणाचं चालत नसे. नागपूरचं नाव निघालं की प्राची खाली बघायची आणि होकाराची मान हलवायची. पोरगी इथे काही बोलली तर टायफाइड उघडा पडणार, म्हणून हा पहारा.

पहारा साधासुधा नव्हता. काकू आमच्या माठातलं पाणी डाव्या तळहातावर घेऊन हुंगत. सतरंजीचा कोपरा उचलून खाली बघत. मी विचारलं, "काकू, माझ्यावर विश्वास नाही का?" तर म्हणाल्या, "इस्वास हाय ना. पन पाह्यलेलं बरं." मीही काही कमी संशयी नाही. त्यांचा उजवा हात सदा पदराखाली असायचा. बाई मोबाइलवर आमचं बोलणं भरून घेत असणार, अशी माझी खात्री झाली होती आणि मी त्या पदरावर डोळा ठेवून होते. असे आम्ही दोघी एकमेकींना निरखत बसायचो, आणि मुली बिचाऱ्या श्वास सोडायच्या.

एका शनिवारी अंग हलवता हलवता प्राची खरोखरच थरथरू लागली. केस सुटले, डोळे मिटलेले, दातांवर दात वाजायला लागले. असं कधी कधी होतं. अंगात साठलेलं बाहेर पडू द्यायचं, शेजारी उभं राहायचं. मी तिच्या पाठीशी उभी राहिले. काकू मात्र उंबरठ्यावरून उठल्या आणि निघून गेल्या. आता पोरीचं येणं बंद, असं मी धरून चालले.

पुढच्या शनिवारी दोघीही आल्या. काकूंच्या हातात पिशवी होती. मला ती पिशवी अजिबात आवडली नाही. प्राचीचं थरथरणं पुन्हा सुरू झालं, तशा काकू पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आल्या. पिशवीतून नारळ, खण आणि हळदीकुंकू काढून त्यांनी तिच्यापुढे मांडलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीच्या अंगात देवी आली, असं काकूंनी धरलं होतं. आणि अंगात आलेल्या बाईला कोण, काय पाहिजे ते विचारायचं आणि मागेल ते द्यायचं, ही आमच्याकडची रीत.

कुंकू लावायला त्यांनी उजवा हात पदराबाहेर काढला. त्यात मोबाइल नव्हता. तो हात प्राचीपेक्षाही जास्त कापत होता. अर्धं कुंकू कपाळावर, अर्धं नाकावर सांडलं.

"कोन व माय तू? काय पाह्यजे तुले?" काकूंनी हात जोडून विचारलं.

प्राचीने डोळे उघडले. "मीच आहो, आजी. प्राची. मले नागपूरले नको धाडू. मले तिथं लय भेव वाटते."

"देवी नाई?"

"नाई."

"नाटक त नाई करून राह्यली?"

"नाई, आजी."

काकू खाली बसल्या. मला तर श्वास सोडायचाही आठवेना. त्यांनी पदराने नातीचं कुंकवाने भरलेलं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आता कुकू लावून विचारलं, म्हंजे देनंच लागते. देवीनं मागो का पोरीनं." आणि माझ्याकडे वळून, "पन मॅडम, टायफाइडच होता, हे ध्यानात ठेवजा."

प्राची आमच्याच कॉलेजात शिकू लागली. काकू उंबरठ्यावर येतच राहिल्या. फरक इतकाच, की एखादी नवी आई चौकशीला आली तर तिची उलटतपासणी आता काकू घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्याआधी त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी भेटायला गेले होते. "पिशवीत काय आहे?" हा पहिला प्रश्न. संत्री आहेत म्हटलं, तर एक हुंगून पाहिलं. प्राची त्यांचे तळपाय दाबत पायथ्याशी बसली होती. काकूंचा उजवा हात गोधडीवर होता, उघडा, कापत. प्राचीने तो धरला आणि हळूच विचारलं, "कोन व तू, आजी? काय पाह्यजे तुले?"

आता ही बाई चिडणार, असं मला वाटलं. काकूंनी नातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी उठायला लागले.

"तुमी बसा, मॅडम," त्या म्हणाल्या. "पह्यले दार लावा."

मी दार लावलं. त्या दुपारी काकू खूप बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहिणार नाही. नियम त्यांनाही लागू आहे.