ल्युबिंकाची फिचा आणि ट्रामवाला नवरदेव

ल्युबिंका बेलग्रेडच्या वोझ्दोवाक भागात बायकांचे केस कापायची, रंगवायची आणि हात चालू असताना गल्लीतल्या यच्चयावत सुनांची बाजू घ्यायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. होती ती एक फिचा. एके काळी ही इवलीशी गाडी शहरात दारोदारी उभी असे. पुढे लोकांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि फिचा भंगारात गेल्या. ल्युबिंकानं आपली मात्र मटारासारखी हिरवीगार रंगवून घेतली. फिचाचं इंजिन मागे असतं आणि उन्हाळ्यात ते पटकन तापतं, म्हणून मागच्या झाकणात केसांचा लाकडी ब्रश अडकवून ती तशीच उघड्या झाकणानं गावभर हिंडायची.

रांगेत थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं. स्लावियाच्या चौकात गाड्या तुंबल्या, की ती बिनदिक्कत ट्रामच्या रुळांवर फिचा घालायची. मागून दहा नंबरची ट्राम यायची आणि ती चालवणारा वुकाशिन घंटा बडवत सुटायचा. एकदा तर त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, हे रूळ ट्रामचे आहेत."

"मग जा की मला ओलांडून," ल्युबिंका म्हणाली.

सगळी ट्राम खो खो हसली. वुकाशिनचे कान लाल झाले. त्यानंतर वर्षानुवर्षं ती दोघं त्या चौकात भांडत राहिली. तिला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, त्याला तिचं.

मग वुकाशिन निवृत्त झाला. घंटा वाजेनाशी झाली, नवा ड्रायव्हर मुकाट्यानं मागे थांबू लागला, आणि ल्युबिंकाला त्या चौकात चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. अशात एका सकाळी दुकानाचं दार ढकलून एक दांडगा, पांढऱ्या मिशांचा माणूस आत आला. हिरवी गाडी दारात पाहून आलो, म्हणाला. इथं फक्त बायकांचे केस कापतात, असं तिनं बजावलं.

"केस कापायला नाही आलो," वुकाशिन म्हणाला. "इतकी वर्षं तुमचं डोकं मागूनच पाहिलं. समोरून कशा दिसता ते बघायचं होतं."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा रंग त्या दिवशी जरा जास्तच वेळ राहिला.

लग्न जुलैतल्या एका शनिवारी नगरपालिकेत ठरलं. ट्रामनं जाऊ, वेळेवर पोचू, असं वुकाशिनचं म्हणणं. नवरी आपल्या गाडीतून जाईल आणि गाडी नवरीच चालवेल, असं ल्युबिंकानं सांगून टाकलं. मैत्रीण देसांका साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर बसली, मांडीवर केक घेऊन. नवरदेवाचे गुडघे हनुवटीला टेकत होते. आयुष्यभर रुळांवरून गेलेला माणूस; ल्युबिंका डावीउजवीकडे गाडी घुसवायला लागली, की त्याची टाच घंटेचं पेडल शोधत खाली आपटायची.

"अहो, किती वळता!"

"हातात चाक दिलंय, ते वळायलाच ना?"

आउतोकोमांदाचा चढ फिचानं कसाबसा काढला आणि ऐन स्लावियात, बरोबर रुळांवर, ती बंद पडली. मागून वाफेचा लोट उठला. चारी बाजूंनी भोंगे सुरू झाले. दहा नंबरची ट्राम येऊन मागे उभी राहिली. वुकाशिन धडपडत बाहेर पडला, ट्रामपाशी गेला आणि त्यानं आतल्या लोकांना सांगितलं, की माझं लग्न आहे, नवरीची गाडी उकळतेय, पाणी द्या. खिडक्यांतून बाटल्या आल्या. चार जणांनी उतरून फिचा रुळांवरून बाजूला ढकलली. पण इंजिन निवेपर्यंत पाणी ओतता येईना.

शेजारी दुसऱ्याच एका लग्नाची वरात अडकली होती. तिच्यातल्या बाजेवाल्यांनी वाफ बघितली, नवरीच्या हातातली फुलं बघितली आणि खाली उतरून तुताऱ्या फुंकायला सुरुवात केली. ल्युबिंका क्षणभर कपाळाला हात लावून उभी होती. मग तिनं चपला काढून देसांकाकडे दिल्या आणि वुकाशिनचा हात धरला. एकमेकांचे हात धरून फेर सुरू झाला, फिचाभोवती. ट्राममधली माणसं आली, वरातीतली नवरी आली. वुकाशिनला नाचता येत नव्हतं. तो नुसताच गोल चालत होता, चेहरा मात्र असा खुलला होता, की देसांकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

इंजिन निवल्यावर वुकाशिननं त्यात पाणी ओतलं आणि फिचा सुरू झाली. नगरपालिकेत पोचले तेव्हा त्यांची वेळ केव्हाच टळली होती. लग्न लावणाऱ्या बाई चिडल्या होत्या, पण वुकाशिनच्या शर्टाच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या बाह्या आणि नवरीचे मळके पाय पाहून त्यांना हसू आवरेना. आणखी एक जोडपं उरकलं, की तुमचं लावते, म्हणाल्या. केक एका बाजूनं चपटा झाला होता. तो त्यांनी ऑफिसातच सगळ्यांना वाटला.

आता ती दोघं दर रविवारी कालेमेग्दानच्या बागेत कॉफी प्यायला जातात. तो ट्रामनं, ती फिचानं. निघतात एकाच वेळी, आणि बहुतेक वेळा तोच आधी पोचून दोन कप मागवून बसलेला असतो. ल्युबिंका येते, खुर्ची ओढते आणि गाडी लावायला जागाच नव्हती, असं म्हणते. वुकाशिन मान डोलावतो आणि तिच्या कपात साखर घालतो.