निजघरी

आमच्या पणजोबांनी गावात मुक्कामाला आलेल्या एका बैराग्याची भाकितं वहीत उतरवून ठेवली होती. डोणगावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांना त्या वहीचाच नाद लागला. ओळी सगळ्या मोघम. बाबा बातम्या ऐकायचे आणि समासात पेन्सिलीने अर्थ लिहायचे. ‘पांढरा साप रानं गिळील’ म्हणजे आधी पूर होता. शेतांमधून मोठा महामार्ग गेला तेव्हा त्यांनी तो खोडून ‘रस्ता’ लिहिलं. संध्याकाळी दोन-चार माणसं ओट्यावर बसून हे ऐकायची.

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. तो या सगळ्याला हसायचा, पण बाबांसमोर नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबांना एक ओळ सापडली: ‘शहर ओस पडेल, दूरचा लेक निजघरी येईल.’ निज म्हणजे आपलं. त्यांनी त्याला रोज फोन करून घरी ये म्हणून गळ घातली. तिकडे त्याचं बरं चाललं होतं. तरी बाबांच्या जिवाला घोर नको, म्हणून तो मोटारसायकलवर आला.

आठवडाभरानं बाबांना ताप आला, मग त्याला. बाबा घरीच बरे झाले. त्याला बुलडाण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. सहाव्या दिवशी तो गेला. तोंडही पाहायला मिळालं नाही.

तेरवीनंतर ओट्यावर नेहमी येणारे शेजारचे काका भेटायला आले. समजूत घालावी म्हणूनच म्हणाले असतील, “गुरुजी, निजघर म्हणजे निजधाम होतं. ते लिहेलच होतं.”

बाबा खाली बघत म्हणाले, “लिहेल काहीच नव्हतं. मी बोलावलं त्याले.”

काका गेल्यावर मी चहाचे कप उचलत होते. बाबांनी विचारलं, “बाई, माह्यापासूनच झालं असन न त्याले?”

मी नाही म्हणाले. तेव्हा कुणालाही कुठूनही होत होतं, रस्त्यात झालं असेल, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते खोडरबर घेऊन बसले आणि समासातला एकेक अर्थ पुसत गेले. त्या एका ओळीशी कागद फाटला, तरी त्यांचा हात थांबेना. शेवटी मीच तो धरला.