पहिला रोडगा

ज्या धान्यानं माझा मुलगा वाळत चालला होता, तेच धान्य मी देवाला कबूल करून बसले होते. कबूल करताना मला ते ठाऊक नव्हतं, हे खरं. पण देवाला दिलेला शब्द ‘ठाऊक नव्हतं’ म्हणून परत घेता येतो का, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं. देवावरचा विश्वास उडाला असता तर निदान भीती तरी गेली असती. माझा विश्वासही जात नव्हता आणि भीतीही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची ही हकीकत. आम्ही मेहकर तालुक्यातल्या डोणगावचे. यजमानांची धान्याची अडत होती. गावात घरोघर ज्वारीची भाकर, आमच्याकडे मात्र रोज पोळी, आणि मला त्याचा थोडा तोराही होता. दिगू आमचा एकुलता एक, लग्नानंतर बऱ्याच उशिरानं झालेला. त्याचं उष्टावण झालं तसं मी लाडानं त्याला गव्हाचंच देत गेले. रव्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, शेवया. अंगावर पीत होता तोवर चांगलं गुटगुटीत असलेलं पोर त्यानंतर उतरत गेलं. हातपाय काटक्या झाले, पोट तेवढं नगाऱ्यासारखं फुगलेलं. पांढुरकं, घाण वासाचं शौच सारखं होई. खेळणं सोडून तो माझ्या मांडीवर कुरकुरत पडून राही. कोणी दृष्ट म्हटलं, कोणी मुडदूस. तालुक्याच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, त्यानं उतार पडला नाही. आणि तो जितका वाळे तितका मी त्याला अंगी लागावा म्हणून तुपातला शिरा जास्त भरवी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. एका शनिवारी त्या मला आणि दिगूला शिवेवरच्या मारुतीला घेऊन गेल्या. आमच्या वऱ्हाडात नवसाला रोडगे करतात. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी दिगूला मारुतीच्या पायाशी ठेवलं आणि त्या ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाले, “माझं लेकरू उठून चालू लागलं तर तुझ्या दारी रोडगे करीन. पहिला रोडगा त्याच्या हातानं तुझ्यापुढे ठेवीन, आणि तोच परसाद म्हणून त्याच्या मुखी घालीन.” मागणंही मीच मागितलं आणि त्याला काय द्यायचं तेही मीच ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा. सगळं आधीच ठरवून, मुठीत घट्ट धरून ठेवायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून आम्ही दिगूला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे त्याचं रक्त घेतलं, शौच तपासलं, छातीचा फोटो काढला. शेवटी एक बारीक नळी गिळायला लावून आतड्याचा कणभर तुकडा काढला. तो रडत होता आणि मी बाहेरच्या बाकावर पदराचं टोक चावत बसले होते. निकाल यायचा होता ते दिवस मी अजून विसरलेले नाही. क्षय असेल, आतड्याला गाठ असेल, नाही नाही ते मनात येई. वाटे, एकदाचा कागद येऊ दे, त्यावर रोगाचं नाव असेल, नाव कळलं की निम्मी काळजी तरी जाईल.

कागद आला, पण त्यावर नाव नव्हतं. डॉक्टर वयानं तरुण आणि शांत होते. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. “शौचात चरबी जशीच्या तशी पडते आहे. अंगात रक्त फार कमी आहे. क्षयाची खूण कुठे सापडली नाही,” असं सांगून त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला आणि त्याच्या सुताच्या बारीक फाशांवरून बोट फिरवलं. “आतडं आतून असं असतं बाई. हे जे फासे आहेत ना, तेच अन्नातला रस शोषतात. तुमच्या मुलाचे झिजून सपाट झालेत. सपाट कापड पाणी टिपत नाही, तसं त्याचं आतडं अन्न टिपत नाही. खातो ते सगळं वाहून जातं. माझा संशय गव्हावर आहे.”

मला हसावं की रडावं कळेना. गहू! मी विचारलं, “साहेब, माझ्या भावानं अंडं खाल्लं की त्याच्या अंगावर गांधी उठतात. त्याले ॲलर्जी म्हणतात. तसंच हाय काय हे?”

“नाही. गांधी उठतात आणि उतरतात, सगळ्यांना दिसतात. इथे आतडं आतल्या आत झिजतं. आज गहू खाल्ला आणि आज काही झालं नाही, म्हणून तो चालला असं समजू नका.” मग त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि सरळच सांगून टाकलं की आतडं दुसऱ्या दुखण्यानंही असं होऊ शकतं, नुसत्या या कागदावरून गहूच, असं छातीठोक म्हणता येत नाही. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद करायचं. मूल उठलं तर संशय खरा. आणि चांगलं सावरलं की पुन्हा इथे आणून, त्यांच्या नजरेसमोर, थोडा गहू देऊन पाहायचा. “तो माझ्यासमोर. घरी मात्र एक घासही नाही,” हे त्यांनी दोनदा बजावलं.

परतीच्या गाडीत मी तेच घोकत होते. उत्तर मागायला गेले होते, आणि त्यांनी ते शोधायला मला माझ्याच चुलीकडे परत पाठवलं होतं. आणि अकोल्याच्या अलीकडे कुठेतरी मला नवस आठवला.

घरी आल्यावर मी दिगूसाठी वेगळा तवा घेतला, पीठ मळायला वेगळं कुंडं. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की पीठ मिसळतं, म्हणून त्याची ज्वारी घरच्या जात्यावर दळू लागले. अडतदुकानदाराची बायको जात्यावर बसलेली पाहून शेजारणी हसत. मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची कण्या-पेज, एवढंच त्याच्या पोटात जाई. मी रोज त्याच्या दंडाला हात लावून बघे, आणि रोज वाटे की काहीच फरक नाही. मग एका सकाळी तो आपण होऊन मांडीवरून उतरला आणि ओसरीवरच्या मांजरामागे गेला. पोट बसत चाललं, शौच बांधून होऊ लागलं, गालांवर रंग आला. पुढच्या हिवाळ्यात तो अंगणभर धावत होता, आणि मी आनंदानं रडायची ती घाबरून गप्प होते, कारण आता नवस फेडायचा होता.

आत्याबाईंनी दिवसही काढला. मी म्हणाले, “आत्याबाई, रोडगे करू, गाव जेवू घालू. पण दिगूले नोका देऊ. मले भेव वाटते.”

“काऊन वं? देवाच्या परसादानं कधी कोनाचं वाईट झालं काय? तू मारुतीले सबूद देल्ला हाय. त्यानंच पोट्टं उभं केलं. आता त्याच्याच घासाले नाही म्हनतं?”

“डाक्तरनं एक घासही नाही म्हटलं.”

“डाक्तर मानूस हाय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि गहू निवडायला बसल्या.

यजमान मधल्या मध्ये सापडले. कधी म्हणत डॉक्टरांचं खरं, कधी म्हणत आईचंही खोटं नाही. एकदा हळूच म्हणाले, “एका घासानं काय होते?” त्या एका घासाचा मला इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. मग स्वतःच मारुतीच्या गुरवाकडे गेले आणि ज्वारीचा रोडगा चालेल का, असं विचारलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, “मले चालते बाई, देवालेही चालन. पन तुमचंच मन तुम्हाले खाईन.” ते खरंच होतं. कारण पुढे दिगूला साधा ताप आला असता तरी मी म्हटलं असतं, नवस मोडला म्हणून आला. गहू दिला तर आतडं जाणार, न दिला तर शब्द जाणार, आणि दोन्हीकडून माझं लेकरूच पणाला लागलेलं. त्या दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही.

नवसाचा दिवस आला. मारुतीच्या पाराशेजारी गोवऱ्या पेटल्या, लिंबाच्या सावलीत वांगी चिरली जात होती. लिंबावर नेहमीची वानरं होती, पोरं त्यांना खडे मारत होती. पहिला रोडगा निघाला. यजमानांनी तो फडक्यानं पुसला, फोडून तूप घातलं आणि दिगूच्या हातात दिला. दिगूनं तो मारुतीपुढे ठेवला, शेंदराच्या मूर्तीला डोकं टेकवलं, आणि गुरवानं तोच उचलून प्रसाद म्हणून पुन्हा त्याच्या ओंजळीत ठेवला. तुपाचा वास दरवळत होता. कितीतरी महिन्यांत गव्हाला न शिवलेलं ते पोर डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होतं. आम्ही पारावर आलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला त्याचा हात धरावासा वाटला आणि धरवेना. घास भरवावा तर तेही होईना. माझ्याकडे ठरवलेलं काहीच उरलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, मारुतीराया, मला कळत नाही. मी काय बोलले ते तुला माहीत, मला काय भीती वाटते तेही तुला माहीत. आता तूच बघ.

दिगूचा रडण्याचा आवाज आला म्हणून डोळे उघडले. त्याची ओंजळ रिकामी होती. एक मोठं काळतोंडं वानर मंदिराच्या भिंतीवर बसून रोडगा दोन्ही हातांनी धरून खात होतं. त्यानं बोचकारलं नव्हतं, ओरखडाही नव्हता. माणसं काठ्या घेऊन धावली. तेवढ्यात आत्याबाई केवढ्यांदा तरी ओरडल्या, “हात नोका लावू त्याले! ज्याचं होतं त्यानं नेलं. फिटला नवस.”

सगळे जागच्या जागी थांबले. गुरवानं वानराकडे पाहून हात जोडले. मी खाली बसले. वानरं तिथे रोजच असायची आणि रोजच काहीबाही पळवायची, हे मलाही ठाऊक आहे. मी कोणाशी वाद घालत नाही. दिगू हट्टानं रडत होता, तर आत्याबाईंनी त्याला जवळ ओढलं, आपल्या गठुड्यातून फडक्यात बांधलेली भाकर काढली, तिच्यावर वरण घातलं आणि त्याला भरवू लागल्या. तेव्हा मी ते पाहिलं, पण त्यावर विचार करण्याइतकी शुद्धीत नव्हते.

पुढे सांगितल्याप्रमाणे आम्ही त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली त्याला थोडा थोडा गहू दिला. दोन-चार दिवसांतच ओकाऱ्या आणि जुलाब इतके झाले की त्याला सलाइन लावावं लागलं. तो खाटेवर निपचित पडलेला पाहून मला तो रोडगा आठवत होता. तूप घातलेला, अख्खा, आणि जवळपास डॉक्टर नाही. दिगू सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता शंका नाही. आयुष्यभर गहू नाही.” रोगाचं नाव त्यांनी अखेर कागदावर लिहून दिलं, आणि खरंच निम्मी काळजी गेली. उरलेली निम्मी आईजवळच राहते, ती कुठल्या कागदानं जात नाही.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या ज्वारी पाखडत राहिल्या. मग मला एकदम ती भाकर आठवली. ती गार होती. आणि काठाला जरा करपलेली, दिगूच्या वेगळ्या तव्यावर होते तशी. मारुतीच्या पारावर त्या दिवशी चूल रोडग्यांचीच होती, ज्वारीचं पीठ तिथे नव्हतंच.

मी विचारलं, “आत्याबाई, त्या दिवशी दिगूची भाकर तुम्ही कवा केली होती?”

“सकाळी,” त्या सुपावरून नजर न काढता म्हणाल्या. “तू न्हाऊन राह्यली होती तवा. जात्यावरच्या पिठाची केली, त्याच्याच तव्यावर. पोट्टं उपाशी राह्यलं असतं नं.”

म्हणजे वानर भिंतीवर यायच्या कितीतरी आधी. डॉक्टर माणूस आहे असं ठणकावून सांगणाऱ्या, माझ्याशी दिवसेंदिवस हुज्जत घालणाऱ्या त्या बाईनं सकाळीच गुपचूप जात्यावरचं पीठ काढून भाकर थापली होती. तिलाही माझ्याइतकीच भीती होती, आणि ती मला दिसलीच नव्हती. मारुतीला मी ‘तूच बघ’ म्हटलं ते दुपारी. त्यानं बघायला त्याआधीच सुरुवात केली होती, माझ्याच स्वयंपाकघरात. मी त्यांच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि पायावर डोकं ठेवलं. “काऊन वं, आज कोनता सन हाय?” त्या म्हणाल्या. आजही नवसाचे रोडगे होतात तेव्हा मी पहिला मंदिराच्या भिंतीवर ठेवून येते, आणि दिगूसाठी गठुड्यात भाकर बांधून नेते.