कडेने दिसलेली पानगळ

दुबईत आम्हाला वीसेक वर्षं झाली. माझ्या नवऱ्याची इथल्याबद्दल एकच तक्रार असायची, की इथल्या झाडांना ऋतू नाहीत. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगखाली कडुनिंबाची रांग आहे. नळ्यांतून येणारं पाणी पिऊन ती बारा महिने तेवढीच हिरवी. फोटोग्राफी हा त्याचा एकमेव नाद. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून तो वाळवंटात जायचा, हत्ताच्या डोंगरात जायचा. वाळू, दगड आणि आभाळ यांनी त्याच्या हार्ड डिस्क भरून गेल्या होत्या. "एकदा पानगळ काढायची आहे," म्हणायचा. "अख्खं जंगल रंगलेलं."

पानगळ बघायला इथून जॉर्जिया देश जवळ. ऑफिसातले कितीतरी लोक जाऊन आलेले. पण ऑक्टोबर आला की कधी दिवाळीसाठी पुण्याची तिकिटं काढलेली असायची, कधी मुलीच्या परीक्षा असायच्या. पुढच्या वर्षी जाऊ, इन्शाल्ला, असं आम्ही दोघंही सहज म्हणून टाकायचो.

तो दुबईच्या देरा भागातल्या एका बांधकाम कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनियर होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आज ड्रॉइंगमधल्या सगळ्या रेघा वाकड्या दिसत होत्या." आधी त्याने मॉनिटरला दोष दिला, मग चष्म्याला. चष्मा बदलला, तरी रेघा वाकड्याच. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणजे मध्यमवयीन इराकी बाई होत्या. त्यांनी घाई न करता सगळं समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. बाजूचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे थेट बघाल ते नाहीसं होत जाईल. यावर औषध नाही, असंही त्यांनी सांगितलं. नवऱ्याने फक्त विचारलं, "आणि रंग?" त्या म्हणाल्या, रंगही मधल्याच भागात असतात.

त्या रात्री जेवताना मुलीने ताट बाजूला सारलं. "बाबा, धिस ऑक्टोबर. नो डिस्कशन," म्हणाली आणि मोबाइलवर तिकिटं बघायला लागली. कॉलेज बुडवता येणार नव्हतं, म्हणून ती आली नाही. आम्ही दोघंच गेलो.

कॉकेशसच्या डोंगरात आम्हाला एक म्हातारा ड्रायव्हर मिळाला होता. त्याला इंग्रजीचे मोजके शब्द यायचे. पहिल्या दिवशी त्याने गाडी थेट वरच्या गावात नेली. तिथली बर्चची झाडं पार उघडी होती. पांढऱ्या काटक्यांचं रान नुसतं. ड्रायव्हरने हाताने वारा वाहिल्याची खूण केली. "विंड. फिनिश."

"खलास," नवरा हसून म्हणाला. मला मात्र तिथेच रडू फुटेल असं वाटलं.

त्यालाच माझी समजूत काढावी लागली. "अगं, रंग डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरत येतो. वर संपला म्हणजे तो खाली असणार." इतकी वर्षं तो याबद्दल वाचतच आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही नदीच्या कडेकडेने उतरत गेलो. वाटेत पाऊस लागला. एक घाट उतरून वळलो आणि ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली. समोरची अख्खी उतरण बीच जातीच्या झाडांनी पेटली होती, मधूनमधून धुकं तरंगत होतं.

नवऱ्याने ट्रायपॉड उभा केला. पानांवरची चकाकी मारणारी काच लेन्सला लावली. हे सगळं तो न बघताही करू शकायचा. मग डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. एव्हाना झाड बघायचं तर त्याला झाडाच्या शेजारी बघावं लागत होतं. शेजारी बघितलं की कॅमेऱ्यातली चौकट हातातून निसटायची.

"मधे काय आहे?" त्याने विचारलं.

"एक मोठं झाड आहे. पिवळं."

"नुसतं पिवळं नको सांगू."

मी नीट बघितलं. बायका साडीच्या दुकानात बघतात तसं बघितलं. "वरचा शेंडा हळदीसारखा आहे. त्याखाली गुळाचा रंग. डावीकडचं लहान झाड शेंदरी आहे, पण फिकं, मारुतीवरचा शेंदूर जुना होतो ना, तसं. खाली ओल्या पानांचा थर आहे, तो काताच्या रंगाचा."

"आणि खोडं?"

"राखाडी. पावसाने एका बाजूने काळी झालीत."

त्याने डोळा काढला नाही. मी सांगत गेले, तो बटण दाबत गेला. थोड्या वेळाने बटणाचा आवाज थांबला. तो बाजूला झाला आणि म्हणाला, "तू काढ."

"मला येत नाही रे."

"मला आता दिसत नाही," तो म्हणाला. आजार कळल्यापासून हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

मी कॅमेरा ट्रायपॉडवरून सोडवून गळ्यात अडकवला आणि काढत राहिले. तो मागे एका ओंडक्यावर जाऊन बसला, चेहरा उतरणीपासून वळवून, जणू रुसून बसलाय असा. मी वळून बघितलं तर तो म्हणाला, "असं बसलं की कडेने दिसतं. काहीतरी तांबूस हलतंय." त्याचे गाल ओले होते. मी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून त्याच्याशेजारी बसले. पानं एकेक करून गळत होती. ड्रायव्हर गाडीपाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता, अंधारून येईपर्यंत त्याने हॉर्न वाजवला नाही.

घरी आल्यावर मुलीने ते फोटो टीव्हीवर लावले. माझे बरेचसे हललेले होते. त्याचे अगदी स्वच्छ होते, पण एकातही झाड मधे नव्हतं. सगळी झाडं चौकटीच्या कडेला सरकलेली आणि मधे नुसतं धुकं. मुलगी म्हणाली, "दीज आर द बेस्ट वन्स, बाबा." तो टीव्हीजवळ गेला, मान वळवून थोडा वेळ बघत राहिला आणि रिमोट शोधायला लागला. एखादा मोठा करून भिंतीवर लावू का, असं मी विचारलं. "माझ्यासाठी नको," तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने नोकरी सोडली. आता तो माझ्या व्हिसावर इथे राहतो. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. गाडी मी चालवते. कॅमेरा त्याने मुलीला दिला, नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा ती तो सोबत घेऊन गेली.

मागच्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली. आम्ही दोघं विमानतळावर दाराशी उभे होतो. तिने केस बारीक कापले होते. ती सरळ बाबांसमोर येऊन थांबली आणि हसली. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, दाराकडे, तिची वाट बघत.

"बाबा, इट्स मी," ती म्हणाली.

त्याने आवाजाच्या दिशेने दोन्ही हात पुढे केले. गाडीत ती मागच्या सीटवर बसली. तो पुढे बसून तिला प्रवासाचं विचारत होता, विमानात जेवायला काय दिलं, झोप झाली का. ती नीट, सावकाश उत्तरं देत होती. तिच्या आवाजावरून काहीही कळत नव्हतं. मला मात्र आरशात तिचा चेहरा दिसत होता.