अकरा महिन्यांचा कागद

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला उजेड आणि अंधार यांतला फरक कळत होता. त्यापलीकडे फारसं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा. डॉक्टर अशी वाक्यं फार सहज बोलतात.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य असेल. आम्ही नवरा-बायको नेरूळच्या एका सेक्टरमध्ये भाड्यानं राहत होतो. नवं शहर तेव्हा आराखड्यात फार देखणं होतं. आराखड्यात प्रत्येक इमारतीसमोर गोल गोल झाडं काढलेली असत आणि झाडाखालून ब्रीफकेस घेतलेला एक माणूस चालत असे. प्रत्यक्षात झाडं नव्हती, आणि ब्रीफकेसवाला माणूस बसची वाट बघत उन्हात उभा होता. तो मी. मुंबईत एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम करत असे.

इमारती सगळ्या एका साच्यातल्या. तोच जिना, तेच दार, दाराच्या उजव्या हाताला तीच मोरी. एकदा मी स्वतः शेजारच्या इमारतीतल्या दाराला किल्ली लावून बराच वेळ झगडलो होतो, आणि मला चष्म्यातून व्यवस्थित दिसत होतं.

आईनं तालुक्याच्या गावात जन्म काढला होता. रोज दोन वेळा चालायला जाणं ही तिची एकमेव चैन. इथं आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी ती पावलं मोजत खाली उतरली, चालली, मोजत परत आली, जिना चढली आणि एका उघड्या दारातून आत जाऊन कॉटवर बसली. म्हणाली, "सूनबाई, चहा टाक." घर दुसऱ्याचं होतं. त्या बाईनं चहा टाकला, वर बिस्किटं दिली, आणि दोन तास हिंडून आमचा पत्ता काढला. त्या दिवसानंतर बाजारात जाताना बायको दाराला बाहेरून कडी घालू लागली. दुसरं काय करणार होती? आई एकदा फक्त म्हणाली, "बाहेरची कडी वाजली की मला कळतं हो."

मग मी सारसोळ्यात खोली बघायला गेलो. सेक्टरपासून चालत वीस मिनिटं. शहराच्या नकाशात ते गाव म्हणजे एक पांढरा डाग होता. आखलेले रस्ते त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबत. आतल्या गल्ल्या शहराच्या कितीतरी आधीच्या. कुणाच्या विहिरीमुळे वळलेल्या, कुणाच्या भांडणामुळे अरुंद झालेल्या. जुनं, ऐतिहासिक असले शब्द तिथं कुणी वापरत नव्हतं. असे शब्द काही शिल्लक राहिलं नाही की लागतात.

घरमालक वयानं साठीचा, पूर्वी शेतीही करायचा आणि खाडीत जाळंही टाकायचा. जुन्या कौलारू घराला लागून त्यानं दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या. त्याचा भाचा वाशीत एका ऑफिसात शिपाई होता, तो या खोल्यांना ब्लॉक म्हणे. मालकानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला चष्मा असल्यामुळे मी त्याच्या लेखी मास्तर झालो. "र्‍हावा मास्तर," तो म्हणाला. तेवढ्यावर आम्ही राहायला गेलो.

महिन्याभरात आईला गाव पाठ झालं. इथं मोजायची गरजच नव्हती. पायाखाली प्रत्येक घराचं अंगण वेगळं होतं: शेणाचं, फरशीचं, शिंपल्यांचा चुरा टाकलेलं. सुक्या बोंबलांचा वास आला की डावीकडे. जन्मात मासळीला हात न लावलेली माझी आई बोंबलांवरून दिशा ठरवू लागली. गावाच्या कडेला एक संगमरवरी शिळा होती. नियोजित उद्यानाची पायाभरणी म्हणून कुणी मोठा माणूस येऊन, हार घालून घेऊन, ती बसवून गेला होता. उद्यान पुढे नियोजितच राहिलं. त्या समारंभाचा फायदा झालेली एकच व्यक्ती मला माहीत आहे, ती म्हणजे माझी आई. शिळा हाताला लागली की ती मागं वळायची. एकदा अक्षरांवरून बोटं फिरवत तिनं मला विचारलं, "नाव फार लांब आहे रे याचं. आणि बाग?"

"बाग नाही."

"तरीच."

मालकीण बाहेर बसून मासळी निवडत असे. आई समोरून गेली की ती म्हणायची, "आये, आज लवकर?" आई म्हणायची, "आज वारा आहे." एवढं बोलणं दिवसातून दोनदा. आई पुन्हा माणसात आली होती.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण माझा कागदावर विश्वास. रेशनकार्डावर नवा पत्ता घालायचा होता, आणि त्यासाठी भाड्याचा करार लागेल अशी माझी मीच समजूत करून घेतली. बायको म्हणाली, "तो माणूस भाडं मागायलासुद्धा दारात येत नाही. त्याच्याकडे सही कसली मागताय? तुम्हाला जगणंही दुरुस्त करून छापायचं असतं."

मी वाशीला गेलो. स्टँपपेपरवाल्या टायपिस्टकडे एकच नमुना होता, इंग्रजीतला, अकरा महिन्यांचा. त्यानं मान वर न करता विचारलं, "राहणार कोण?" मी म्हटलं, "मी आणि मिसेस." त्यानं खटाखट टाइप केलं. मी तिथंच उभ्या उभ्या कागद तपासला, स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घेतल्या.

मालकानं सही केली. एकेक अक्षर थांबून थांबून. मला वाटलं, सवय नसेल.

रेशनच्या ऑफिसात तो कागद कुणी उलगडूनही बघितला नाही. त्यांना लाइटचं बिल हवं होतं.

पावसाळा गेला, शिमगा झाला. मग एक दिवस भाच्यानं तो कागद वाचला आणि मामाला सांगितलं, की येत्या महिन्यात मुदत संपते. वेळेवर खोल्या रिकाम्या करून नाही घेतल्या तर भाडोत्री चिकटतो, मग कोर्टात जायचं. मालक चार दिवस ओटीवर बसला नाही. पाचव्या दिवशी मीच त्याला गाठलं.

"मास्तर, राग नका मानू," तो म्हणाला. "माझ्या बापानं आंगठा दिला, तवा बांदावरची शेती गेली. मी सही दिली, तवा मिठागर गेलं. हा तिसरा कागद तुमी आनला."

"दादा, हा तसला कागद नाही."

"तवाबी सायब असाच बोलला व्हता."

मी म्हटलं, आत्ता तुमच्यासमोर फाडतो. तो घाईघाईनं म्हणाला, "फाडू नका. फाडून भ्या जात नाय. आनि भाचा बोलतो, दुसरी प्रत वाशीला हाय." त्याला माझ्याबद्दल राग नव्हता, कागदाची भीती होती. राग असता तर समजूत काढता आली असती.

मग मी गावभर हिंडलो. दुसऱ्या कुणाची खोली मिळाली तर आईच्या वाटा तरी राहतील. तीन घरं रिकामी होती. पहिल्या घरी म्हणाले, पाव्हणे येणार हायेत. दुसऱ्या घरी नुसती मान हलवली. तिसऱ्या घरी जाळं सांधत बसलेल्या बाईनं खरं सांगितलं: "तुमी कागद करता ना, मास्तर?" एखाद्याला फिट येते, हे हळूच सांगावं तशा आवाजात.

नाइलाजानं सेक्टरमध्ये पुन्हा एक घर ठरवलं. रविवारी आईला घेऊन तिथं गेलो, तिला शिकवू लागलो. जिन्याच्या इतक्या पायऱ्या, वळलं की इतकी पावलं. तिनं निमूटपणे दोन फेऱ्या मारल्या. मग कठड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "किती ते सांगू नकोस. कुठून, ते सांग." मी आजूबाजूला बघितलं; सगळीकडे तोच जिना, तेच दार. बायकोनं दाराची कडी बघितली, आतली आणि बाहेरची, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. घरी परतताना शिळेपाशी आल्यावर आईनं माझा हात सोडला आणि पुढची वाट एकटी चालली.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी मालक ओटीवर आला. बरोबर भाचा, मागून मालकीण. मालक म्हणाला, "त्यात काय लिवलंय ते एकदा वाचून दावा. सही माझी, आनि मला ठाव नाय."

ही गोष्ट माझ्या आजवर लक्षात आली नव्हती. मी कागद आणला आणि एकेक कलम मराठी करून सांगू लागलो. परवानाधारकानं अमुक करावं, परवानाधारकानं तमुक करू नये. भाचा मध्ये मध्ये मान डोलवत होता.

"ह्यो परवानाधारक कोन?" मालकिणीनं विचारलं.

"मी."

"आनि?"

मी पुढं वाचलं. "सदर खोल्यांचा वापर परवानाधारक स्वतः व त्याची पत्नी यांच्या राहण्यापुरता." पुढच्या शब्दावर मी अडखळलो, कारण पुढे शब्द नव्हता. पूर्णविराम होता.

"आयेचं नाव कुठं हाय?"

मी उलट तपासलं, सुलट तपासलं. तीन स्पेलिंगं दुरुस्त करून घेतलेला तो कागद. "नाही," मी म्हटलं.

मालकिणीनं हात पदराला पुसले. "मंग कागदानं तुमी दोघां जायाचं. आये कागदात नाय. आये र्‍हाईल."

मालकानं भाच्याकडे बघितलं. भाच्यानं कागद घेतला, वाचला, पालथा करून कोरी बाजूसुद्धा बघितली. "मामी बोलते तसं हाय खरं," तो नाइलाजानं म्हणाला. मालक ओटीवर टेकला. कागद घरात येऊनही काहीतरी जागच्या जागी राहतंय, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

मी अर्थातच नाही म्हणालो. असं कसं, ती माझी आई, तुमच्यावर कशाला, लोक काय म्हणतील. पुष्कळ बोललो. मालकीण शांतपणे ऐकून म्हणाली, "मला काय सांगता? तिला इचारा."

आई आतल्या उंबऱ्याशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"मी राहते," ती म्हणाली.

तिनं थोडा विचार केला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर सामान घातलं. मागच्या खोलीत मालकानं जाळी रचली, पुढची आईला ठेवली. बायकोनं सासूच्या साड्यांच्या दोनदा घड्या घातल्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. आई ओटीवर उभी राहून गाडीच्या चाकांच्या आवाजाकडे बघत होती. आवाज वळला तशी तिची मानही वळली.

संध्याकाळी कामावरून सुटलो की मी थेट गावात जात असे. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा ती घरात नव्हती. चालायला गेली होती. मी ओटीवर बसलो. वर्षभर जी ओटी माझी होती, तिच्यावर कुठं बसावं हे कळेना, म्हणून काठावर बसलो. थोड्या वेळानं ती आली, हात मोकळे, चाल सरळ. मला ओलांडून दोन पावलं गेली आणि थांबली.

"कोण आलंय?"

"मी."

"बस की. मालकीणबाईंना चहा टाकायला सांगते."

चहा आला. बशीतून पिता पिता मी सांगत राहिलो, की वरच्या मजल्यावर वारा चांगला आहे, पाणी दोन वेळ येतं, हिनं तुझ्यासाठी खिडकीची जागा ठेवली आहे. ती हं हं करत होती. मग तिनं तोंड वर केलं, उजेड किती उरलाय याचा अंदाज घेतला.

"नीघ आता," म्हणाली. "अंधार पडायच्या आत जा. तिकडे सगळं सारखंच असतं. चुकशील."