नाटकाचं अक्षर

तिरोड्यात मी उभी हयात पाट्या रंगवल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची, रात्रभर नाटकं चालायची, तेव्हा त्या नाटकांचे बोर्ड माझ्याकडेच यायचे. लांबून दिसावं म्हणून जाड, उजवीकडे कललेलं, मागे लाल सावली टाकलेलं अक्षर. खडू लावलेल्या सुतळीचं दुसरं टोक बायको धरायची. मी सुतळी ताणून सोडली की फळीवर सरळ रेघ उमटायची. मयताच्या पाट्याही मीच लिहायचो, पण त्या पातळ ब्रशनं, काळ्या रंगात, साध्या उभ्या वळणाच्या. पहिल्याच पाटीला तिनं बजावलं होतं, "दुखाच्या घरी बोंबलून लिवू नोका."

फ्लेक्स आले आणि माझा धंदा बसला. मग चौकातला फ्लेक्सवालाच एक दिवस घरी आला. माझ्याकडून अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, काने, मात्रा, आकडे लिहून घेतले, नाटकाच्या वळणाचे. त्यांचा त्यानं फॉन्ट केला. तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढं जिकडे बघावं तिकडे तेच: कोचिंग क्लास, चिकन सेंटर, कुणाचा तरी वाढदिवस. एका ओळीत चार 'र' आणि चारही हुबेहूब सारखे! मी जन्मात दोन 'र' सारखे काढले नाहीत. मी चिडायचो, तर बायको हसायची. "आता कोणावर रागावून राहिले? सोताच त लिवून देल्लं."

यंदा ती गेली. तेरवीच्या आदल्या दिवशी दारात फ्लेक्स लागला. तिचा फोटो, तिचं नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. सगळं जाड, कललेलं, लाल सावलीसकट. आता घंटा होऊन पडदा उघडेल असं वाटत होतं. माझं डोकंच फिरलं. तसाच त्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेलो.

"हे काऊन केलं?"

"काकाजी, काकूसाठी दुसऱ्याचं अक्षर कायले टाकू? तुमच्याच हातचं टाकलं."

त्याचे डोळे भरले होते. शिव्या तोंडातच राहिल्या. "निदान पातळ कर," म्हणालो.

"ह्या फॉन्टात पातळ नाही न. तुमी लिवूनच नाही देल्लं."

खरंच होतं ते. मागितलं नाही म्हणून दिलं नाही, आणि मला सुचलंही नाही. स्वतःचाच राग आला.

घरी येऊन जुनी फळी पुसली. सुतळीचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं. दोनदा रेघ वाकडी आली. तिसऱ्यांदा जमली तशी पातळ ब्रशनं तिचं नाव लिहिलं आणि फळी फ्लेक्सखाली टेकवली.

तेरवीला शेजारी आले. फळीपुढे थांबून म्हणाले, "हे कोणाकडून लिवून घेतलं?"

"माझंच आहे."

"वाटून नाही राहिलं," म्हणत त्यांनी वरच्या फ्लेक्सकडे बोट दाखवलं. "तुमचं त ते होय."

माझं हे अक्षर ओळखणारी एकच होती, आणि फळीवर तिचंच नाव होतं.